स्वच्छ मातीचा नमुना

आमच्या परसातल्या भाजीचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले होते. हुबळीत आमच्या वस्तीत कुणाकडे पाहुणा आला की त्याला चहाआधी आमचं परस दाखवायला आणायचे. आई पदर खोचून पुढे, पाहुणा मागे, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात कपबशा घेऊन ताटकळत उभी. पालकाची पानं तळहाताएवढी, राजगिरा कमरेपर्यंत, मुळा उपटला की हातभर. आई दर वेळी म्हणायची की मी काही करत नाही, जे करते ते मातीच करते. हे ती इतक्या साधेपणानं म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, या बाईला गर्व म्हणजे काय ते माहीतच नाही. रविवारी विहारातली वंदना झाली की ती जुड्या वाटायला बसायची, आणि कुणी दोन जुड्या मागितल्या की तिचा चेहरा असा फुलायचा की बघवत नसे.

ती माती अप्पांनी आणलेली. अप्पा महापालिकेची कचऱ्याची लारी, म्हणजे ट्रक, चालवायचे. सकाळी गावातला कचरा भरायचा, गावाबाहेरच्या डेपोवर ओतायचा, परत यायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. आता कुणाला खोटं वाटेल, पण त्या डेपोवर शेतकरी गाड्या घेऊन यायचे. जुन्या ढिगांच्या तळाचा कचरा पावसाळे खाऊन काळाभोर आणि भुसभुशीत झालेला असायचा. आसपासच्या खेड्यांतले लोक तो चाळून आधी बैलगाडीतून, पुढे ट्रॅक्टरमधून नेऊन शेतात घालायचे. शेणखताच्या वरताण, असं सगळ्यांचं मत. कुठल्या ढिगाखाली कसला माल आहे हे अप्पांना पाठ होतं, आणि त्यामुळे खेड्यापाड्यांत त्यांना मान होता. आमचं घर बांधलं तेव्हा मागे मोठा खड्डा होता. पावसाळाभर पाणी साचायचं आणि डासांनी जीव नकोसा व्हायचा. अप्पांनी परतीच्या खेपेला डेपोची चाळलेली माती आणून आणून तो खड्डा बुजवला, आणि निवृत्त होईपर्यंत दर उन्हाळ्यात वर नवा थर देत राहिले. आमचं परस म्हणजे तो भराव.

हे सगळं मला जन्मापासून माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात मला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मी विद्यानगरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. लग्न केलं नाही. का नाही केलं असं विचारणाऱ्याला मी त्याचं स्वतःचं कसं चाललंय ते विचारते, मग विषय आपोआप बदलतो. आईअप्पांबरोबर राहते. माझ्याहून बरीच लहान असलेली बहीण बेळगावला दिलेली. लग्नानंतर कितीतरी वर्षं तिला मूल झालं नाही. दवाखाने झाले, लोकांची बोलणी ऐकून झाली, आणि सगळ्यांनी आशा सोडल्यावर मागच्या वर्षी तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात ती बाळंतपणाला आमच्याकडे आली. तिच्या जिवाला आणि पोटातल्या जिवाला जपायचं, यापलीकडे घरात दुसरा विषय नव्हता.

तिला डोहाळे लागले मातीचे. यात नवल काहीच नव्हतं. आईनं आम्हा दोघींच्या वेळी माती खाल्लेली, आजीनं आईच्या वेळी खाल्लेली. आमच्याकडे त्याची रीतच आहे. माती चाळायची, पाण्यात कालवायची, बोटांनी दाबून चपट्या वड्या करायच्या, उन्हात वाळवायच्या आणि तव्यावर भाजायच्या. पूर्वी त्यासाठी अळणावरकडच्या आमच्या गावाहून शेतातली माती यायची. आता गावी कोण जातंय? आणि घरात इतकी नामी माती असताना दुसरीकडून आणायची तरी कशाला? आईनं परसातली माती घेतली. स्टीलचा डबा भरून वड्या केल्या. डोहाळेवाली घरात आहे म्हटल्यावर शेजारच्या दोघीतिघी आपापल्या सुनांसाठी, लेकींसाठी मागायला आल्या, त्यांनाही दिल्या.

मी शिकलेली ना, मग मी त्यात अक्कल पाजळायला हवीच होती. कच्ची माती खाल्ली तर जंत होतात, म्हणून नीट खरपूस भाजा, असं मी बजावलं. नुसतं बजावून थांबले नाही, सकाळी कॉलेजला जाण्याआधी तव्याशी उभी राहून वड्या दोन्ही बाजूंनी लाल होतायत की नाही ते बघायची. बहीण मागच्या पायरीवर बसून कुरूम कुरूम खायची. मी तिला म्हणायची, अगं बाई, परस संपवू नकोस, बाळाला खेळायला ठेव थोडं. ती हसायची आणि आणखी एक उचलायची.

त्याच सुमारास माझ्या वर्गाचा एक प्रकल्प चालू होता. शहरातल्या वेगवेगळ्या ठिकाणची माती गोळा करायची आणि तिच्यात कोणते धातू आहेत ते बघायचं. आमच्या प्रयोगशाळेत तसली तपासणी होत नाही, पण माझी एक वर्गमैत्रीण धारवाडला एका प्रयोगशाळेत काम करते, तिनं करून द्यायचं कबूल केलं. तारिहाळच्या कारखान्यांलगतची माती एका गटानं आणली, डेपोच्या कडेची दुसऱ्यानं, सप्तापूरच्या एका बागेतली तिसऱ्यानं. आणि तुलनेसाठी एक चांगला, स्वच्छ मातीचा नमुना हवा म्हणून तो मी स्वतः घेऊन गेले. आमच्या परसातला. वर्गात पिशवी उघडून सगळ्यांना वास घ्यायला लावला. माती कशी असावी ते बघून घ्या, असं म्हणाले.

म्हणजे काय झालं ते नीट बघा. डेपोची माती पोरांनी एका पिशवीत घातली आणि तिच्यावर डेपो असं लिहिलं. डेपोचीच माती मी दुसऱ्या पिशवीत घातली आणि तिच्यावर स्वच्छ असं लिहिलं. वर्गात कुणी चूक दाखवण्याचा प्रश्नच नव्हता, आणि मला स्वतःला तसूभरही शंका आली नाही. आमच्या डोक्यात डेपो म्हणजे घाण वास, कुत्री आणि धूर. परस म्हणजे आईची भाजी. मधली लारी कुठे गेली होती कुणास ठाऊक.

मैत्रिणीचा फोन आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये डबा खात होते. तिनं आधी इकडची तिकडची चौकशी केली आणि मग विचारलं की चौथी पिशवी नक्की कुठली आहे, कारण तिच्यावर मी स्वच्छ असं लिहिलंय. मी म्हणाले, आमच्या घरची. ती म्हणाली, "अगं, त्यात शिसं आहे. तारिहाळपेक्षा जास्त. कॅडमियम पण आहे. घरची म्हणजे कुठली? तुमच्या शेजारी बॅटरीचं काही दुकान वगैरे आहे का?"

मी चिडले. माझा स्वभावच तसा, भीती वाटली की आधी राग येतो. पोरांनी पिशव्या अदलाबदल केल्या असतील, तुमच्या मशीनमध्ये काही बिघाड असेल, असं बरंच बोलले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की डेपोचा आणि हा, असे दोन्ही नमुने अगदी एकसारखे आलेत, म्हणून तिलाही अदलाबदलीची शंका होती. एकसारखे हा शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांसमोर अप्पांची लारी आली. मागची फळी उघडी, खाली काळी माती ओतली जातेय आणि मी शाळेच्या कपड्यांत त्या ढिगावर चढून नाचतेय. डबा तसाच उघडा टाकून मी स्कूटर काढली.

रस्ता कसा कापला ते आठवत नाही. डोक्यात एकच, भाजणं. भाजल्यानं जंतू मरतात. शिसं धातू आहे, ते तव्यावर मरत नाही. अकरावीच्या पोरानंही हे सांगितलं असतं, आणि मी रोज तव्याशी उभी राहून वड्या उलटत होते.

बहीण नेहमीच्या पायरीवर बसली होती. गाल फुगलेला. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. तिची हनुवटी धरली आणि म्हणाले, तोंड उघड. तिला वाटलं मी थट्टा करतेय, ती हसायला लागली. मी बोट घालून तिच्या तोंडातला चिखल बाहेर ओढला, लहान मुलाच्या तोंडातलं काढावं तसा. तिचा दात माझ्या बोटाला लागला. आई आतून धावत आली आणि माझ्या दंडाला धरून ओढायला लागली.

"हुच्च झालीस काय तू, येड लागलंय?" आई म्हणाली. "पोटुशी हाय ती. असं कोण करतंय?"

"आई, मातीत विष आहे."

मी हे इतक्या हळू म्हणाले की मलाच आश्चर्य वाटलं. बहिणीनं माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या अर्ध्या वडीकडे बघितलं, आणि ती वडी कुठे ठेवावी हे न कळून तशीच धरून बसली. तिच्या ओठांना माती लागली होती. तिला एकच विचारायचं होतं.

"अक्का, बाळाला काय झालंय?"

मला माहीत नव्हतं. इतकं शिकून, इतकी वर्षं शिकवून, त्या क्षणी मला खरंच माहीत नव्हतं, आणि तिच्याशी खोटं बोलायला मला जमलं नाही. मी तिची चूळ भरवली. ती रडली नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

अप्पा बाहेरून आले आणि मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की तुझ्या त्या मशीनला काय कळतं, ही माती खाऊन खेडीच्या खेडी जगली. आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. ते नोकरीला लागले तेव्हा कचरा म्हणजे शेण, चुलीची राख, भाजीचा पाला, केळीची पानं. त्याची माती सोन्यासारखीच होत असणार. पण त्याच लारीत पुढे घड्याळांचे आणि बॅटऱ्यांचे सेल पडायला लागले, ट्यूबलाइट पडल्या, रंगाचे डबे, फुटलेल्या बॅटऱ्या, जळक्या वायरी. रोज थोडं थोडं पडत गेलं आणि पाऊस ते सगळं मुरवत गेला. वरून माती तशीच काळी आणि भुसभुशीत दिसत होती. आमच्याच घरातले संपलेले सेल आम्ही कुठे टाकले? कचऱ्यात. कचरा कुठे गेला? अप्पांच्या लारीत. मी हे सगळं त्यांना समजावत होते आणि बोलता बोलता मलाच ते पहिल्यांदा नीट कळत होतं.

अप्पांनी डब्यातली एक वडी उचलली आणि माझ्याकडे रोखून बघत चावून खाल्ली. मी डबा घेतला आणि झाकण लावून माझ्या कपाटात कुलूपबंद ठेवला, कारण तो कुठे टाकायचा हेही मला सुचत नव्हतं.

मी पुन्हा नमुना घेतला, या वेळी परसाच्या चारी कोपऱ्यांतून, स्वतःच्या हातांनी. तरी पिशव्याच बदलल्या असतील या आशेवर वर्गात पोरांना फाडफाड बोलले, ती बिचारी खाली माना घालून उभी होती. दुसरा निकालही तोच आला. मग वर्गात जाऊन त्यांची माफी मागितली आणि त्यांना खरं काय ते सांगितलं. एका मुलीनं विचारलं की मॅडम, मग स्वच्छ माती कुठे मिळेल? मी फळ्याकडे वळले आणि काहीतरी लिहायला लागले.

बहिणीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या भल्या बाई, बहीण इकडे आल्यापासून त्याच बघत होत्या. अंगात रक्त कमी आहे म्हणून त्या दर खेपेला लोहाच्या गोळ्या वाढवत होत्या आणि रक्त का वाढत नाही याचं त्यांना कोडं पडलं होतं. माती खातेस का, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि बहिणीनं सांगितलं नव्हतं. आमच्यात ही गोष्ट डॉक्टरांना सांगायची नसते. ती घरातली गोष्ट, बायकाबायकांतली. डॉक्टर ओरडतात हे सगळ्यांना माहीत असतं. या बाई ओरडल्या नाहीत, त्यांचा चेहराच उतरला. रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं आणि निकाल आला तेव्हा त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून कन्नडमध्ये सावकाश समजावलं. रक्तात शिसं आहे, असायला नको इतकं आहे. शिसं शरीरात कॅल्शियमसारखं वागतं, हाडांत जाऊन बसतं. बाळ वाढायला लागलं की आईच्या हाडांतून कॅल्शियम मागतं, आणि त्याच्याबरोबर शिसंही जातं. आता माती बंद, परसातली भाजी बंद, कॅल्शियम आणि लोह वेळच्या वेळी, आणि वाट बघायची.

"म्हणजे मी आता खाल्लं नाही तरी जातच राहणार?" बहिणीनं विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी होकारार्थी मान हलवली. ही एक गोष्ट मी कुठल्या पुस्तकात वाचली असेल, नसेल, पण ती अशी बहिणीच्या शेजारी बसून ऐकायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. येताना रिक्षात ती दोन्ही हात पोटावर ठेवून बसली होती. खड्डा आला की तिचे हात आणखी घट्ट व्हायचे.

आईनं मात्र कमाल केली. आयुष्यभर जिच्या भाजीचे गोडवे गायले गेले, ती बाई तो फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी उठून घरोघरी गेली होती आणि दिलेल्या वड्या परत मागत फिरली. एकीनं हसून उडवून लावलं. एकीला वाटलं आमच्यात काही भांडण झालंय म्हणून दिलेलं परत घेतायत. एकीच्या लेकीनं कधीच सगळ्या संपवल्या होत्या आणि आणखी आहेत का असं विचारलं. आई घरी येऊन मोरीजवळ बसली आणि मी तिला पहिल्यांदा हुंदके देऊन रडताना बघितलं. नंतर तिनंच पालक, राजगिरा, सगळं उपटलं. तो पाला गाईलासुद्धा घालू नकोस म्हणून मी सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तिथून निघून गेले.

माती उचलून न्यायला मी एका ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं. त्यानं मूठभर हातात घेऊन बघितली, नाकाशी नेली आणि म्हणाला की एवढी चांगली माती टाकता कशाला, माझ्या मेव्हण्याच्या मळ्यात टाकतो. मी त्याला हाकललंच. मग महापालिकेच्या कचेरीत जाऊन विचारलं, तर तिथल्या माणसानं न समजून घेता सांगितलं की एवढंच ना, डेपोवर नेऊन टाका. शेवटी परसावर जाड प्लास्टिक अंथरलं, वर फरशी घालून घेतली. शिसं खालीच आहे. आता पावसाचं पाणी फरशीवरून वाहून जातं. अप्पा मागच्या दाराला जायचेच बंद झाले. ते म्हणत राहिले की पोरीच्या रक्तातलं शिसं दुसरीकडून आलं असणार, हळदीतून, नळाच्या पाइपातून, बेळगावच्या घराच्या रंगातून. मी भांडले नाही. तसं असतं तर मलाही हवंच होतं.

दिवस भरले आणि मुलगी झाली. वजन थोडं कमी, पण आवाज असा की वॉर्डातल्या सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. बहीण तिचे हात, पाय, बोटं पुन्हा पुन्हा मोजत होती. मला बोलावून म्हणाली, अक्का, तू पण मोज एकदा. मी मोजली. सगळं जिथल्या तिथे होतं. आम्ही दोघी पहिल्यांदा मोकळ्या हसलो.

डॉक्टरीणबाईंनी जन्मतानाच नाळेतलं रक्त तपासायला पाठवलं होतं. त्याचा निकाल आला तोवर मायलेकी घरी आल्या होत्या. फोन मी घेतला. बाळाच्या रक्तात शिसं होतं. बहिणीच्या रक्तापेक्षा थोडं कमी, पण होतं. त्या म्हणाल्या, बाळावर लक्ष ठेवू, मधूनमधून रक्त तपासू, वाढ कशी होतेय, बोलायला कधी लागते, हे बघत राहू. बहिणीला आधी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, दूध पाजू ना? मी डॉक्टरांना परत फोन लावून खात्री करून घेतली आणि म्हणाले, पाज.

अप्पा बाहेरच्या खोलीत नातीला मांडीवर घेऊन बसले होते. दुपट्यातून तिचे पाय बाहेर आले होते आणि ते एका बोटानं तिच्या तळव्याला गुदगुल्या करत होते. मी त्यांना सांगितलं. त्यांचं बोट थांबलं. ते तिच्या तळव्यांकडे बघत राहिले, मऊ, गुलाबी, एक रेघसुद्धा न पडलेले.

"हिनं तर अजून जमिनीला पाय पण लावला न्हाई की गं," ते म्हणाले.

"नाही लावला, अप्पा."

त्यांनी बाळ माझ्या हातात दिलं आणि मोरीत जाऊन साबणानं हात धुतले. मातीला हात लावून त्यांना महिने झाले होते.